जावईबापूंची हेडनोट

आमच्या ह्यांना कॉलेजातली मुलं पाठीमागे 'मूळ प्रत' म्हणतात, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. नाव अगदी नेमकं ठेवलं होतं मेल्यांनी! ह्यांना माणसाचं नुसतं म्हणणं पुरत नाही, ते कुठून आलं ते आधी हवं असतं. मी सांगावं, "अहो, वरच्या मजल्यावरचे घर सोडून चाललेत," तर हे चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "कोण म्हणालं?" "शेजारीण म्हणाली." "म्हणजे दुय्यम माहिती. त्यांना स्वतःला विचारलंस का?" आता जिन्यात गाठून कुणाला असं विचारायचं असतं का? पण ह्यांच्यापुढे बोलायची सोय नाही.

हे लॉ कॉलेजात शिकवतात. शिकवतात म्हणजे साक्षीदाराला कसं बोलतं करायचं, खुनाचा खटला कसा लढवायचा, असलं काही चमचमीत नव्हे. ते दुसऱ्या मास्तरांकडे. ह्यांच्या वाट्याला पहिल्या वर्षाचा सगळ्यांत रटाळ विषय आला: कायदा शोधायचा कुठे आणि वाचायचा कसा. लायब्ररीच्या मागच्या दालनात निवाड्यांचे जाडजूड खंड छतापर्यंत रचलेत. तिथे हे मुलांना उभं करतात आणि सांगतात की कायदा, त्याखालचे नियम आणि कोर्टाचे निवाडे एवढंच मूळ. बाकी गाईडं, टीकाग्रंथ, मोठ्या वकिलांचे लेख ही सगळी वाट दाखवणारी माणसं. वाट विचारावी, पण घर मात्र आपल्या डोळ्यांनी बघून घ्यावं.

हे सगळं मला पाठ आहे, कारण तास घेण्याआधी त्याची रंगीत तालीम आमच्या जेवणाच्या टेबलावर होते. समोर ऐकणारी मी एकटी, तीही शेंगा सोलत. त्यातला ह्यांचा लाडका भाग हेडनोटचा. छापील निवाड्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत चार ओळींचा सारांश असतो, ती हेडनोट. ती न्यायाधीश लिहीत नाहीत, खंड छापणाऱ्याचा कुणीतरी माणूस लिहितो. "तेव्हा हेडनोट वाचून कोर्टात उभे राहाल तर तोंडघशी पडाल," असं हे बोट नाचवून सांगतात. ह्यांना सांगायचा अधिकारही होता, कारण कॉलेजात कायम होण्याआधी कितीतरी वर्षं हे स्वतःच एका प्रकाशकाकडे हेडनोटा लिहायचे.

आता माझ्या ताईचं सांगते, कारण सगळं रामायण तिच्या घरावरून झालं.

ताई माझ्याहून मोठी. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती दारातूनच वाटेला लावायची. आमची आत्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर भाड्यानं राहायची. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेलेला. ताई तिच्याकडे राहायला गेली ती तिथलीच झाली. रस्त्याकडच्या खिडकीपाशी शिलाई मशीन मांडलं, आणि पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं यावर दोघींचं चालवलं. खिडकीतून कपडा आत द्यायचा, खिडकीतूनच न्यायचा. गिऱ्हाईक त्या खिडकीला ओळखायचं, ताईला नंतर.

आत्या काही सोपी बाई नव्हती हो. चहा गरम असला तर "जीभ भाजलीस माझी," आणि जरा निवला तर "हे काय पाणी आणलंस?" शेवटी तर अंथरुणाला खिळली. तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, शिव्या खाणं, सगळं ताईनं केलं. मी अधूनमधून डबा घेऊन जायची, तेवढ्यानंच थकून यायची. ताई कधी तोंड वाकडं करून बसलेली मला दिसली नाही. भांडायची मात्र आत्याशी तोडीस तोड.

आत्या गेली, आणि दिवस होतात न होतात तोच जागेच्या मालकाची नोटीस आली. मूळ मालक केव्हाच वारला होता, त्यालाही मूल नव्हतं, म्हणून जागा त्याच्या पुतण्याकडे आली होती. पुतण्याचं म्हणणं असं की भाडेकरू बाई वारली, आता जागा खाली करा. कायद्यात भाडेकरूच्या मागे जागा राहते ती सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे, आणि भाची काही कुटुंबात येत नाही. बघा बाई! मालकाचा पुतण्या वारस, आणि भाडेकरणीची भाची परकी! मी ह्यांच्यावरच ओरडले, जसा काही तो कायदा ह्यांनीच केला होता. हे शांतपणे म्हणाले, "मालकी वेगळी, भाडेपट्टा वेगळा." मी म्हटलं, "शहाणपणा वेगळा, माणुसकी वेगळी," आणि पातेलं आपटलं.

ताईचा खटला ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं घेतला. अंगानं एवढीशी, खांद्याला स्वतःपेक्षा जड बॅग, आणि बोलणं असं की समोरच्याला मधे शिरायला फट मिळू नये. आम्ही तिला वकीलबाई म्हणायचो. तारखांवर तारखा पडत होत्या, आणि ताईचा चेहरा उतरत चालला होता. खिडकी गेली तर गिऱ्हाईक गेलं, आणि गिऱ्हाईक गेलं तर या वयात तिनं करायचं काय? ती तसं बोलून दाखवायची नाही, पण मशीन चालवता चालवता मधेच थांबून भिंतीकडे बघत बसायची.

आणि एक दिवस वकीलबाई कोर्टातून थेट ताईकडे धावत आली. मीही तिथेच होते. तिला जुन्या खंडात वरच्या कोर्टाचा एक निवाडा सापडला होता. त्यावर स्पष्ट छापलं होतं, की भाडेकरूसोबत राहून तिचा सांभाळ करणारी भाची ही कुटुंबातली व्यक्ती ठरते. वरच्या कोर्टानं ठरवलं म्हणजे खालच्या कोर्टाला ते मानावंच लागतं. तिनं तो निवाडा त्याच दिवशी दाखल केला होता. न्यायाधीशांनी ठळक अक्षरं वाचून मान डोलावली, पुतण्याच्या वकिलाचा चेहरा पडला, आणि पुढची तारीख थेट निकालाची लागली. "मावशी, जिंकलातच म्हणून समजा!" वकीलबाई म्हणाली. ताईनं दुसऱ्याच दिवशी रंगाचा डबा आणून खिडकीची चौकट हिरवीगार रंगवून काढली.

हे तर जावयासारखे नाही, सख्ख्या भावासारखे खुलले. रविवारी सकाळी लायब्ररीतून तो खंड घरी घेऊन आले. मी म्हटलं, "आता कशाला? काम तर झालं." म्हणे, "अगं, एवढा चांगला निवाडा, नीट वाचतो तरी." जेवणं झाली, मी टेबल पुसत होते, आणि हे खिडकीपाशी खंड मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळानं बघते तर पान उलटत नाहीत, हलत नाहीत, घामानं कपाळ ओलं. मला वाटलं, छातीत दुखतंय. धावत गेले. हे म्हणाले, "ही हेडनोट मी लिहिलेली आहे."

मी म्हटलं, "मग चांगलंच की! जावईबापूंच्या हातून ताईला घर मिळालं."

"ती चूक आहे," हे म्हणाले.

झालं असं होतं, की तो मूळ खटला निराळाच होता. त्यातली भाडेकरू जिवंत होती, आणि तिनं भाचीला पोटभाडेकरू म्हणून ठेवलं का, एवढाच वाद होता. न्यायाधीशांनी ठरवलं, की भाचीकडून भाडं घेतलेलं नाही, तेव्हा पोटभाडेकरू नाही. विषय संपला. पण लिहिता लिहिता त्यांनी एक वाक्य घातलं होतं: जिने रात्रंदिवस सांभाळ केला तिला कुटुंबाबाहेरची म्हणणे कठीण आहे, परंतु तो प्रश्न आज आमच्यासमोर नाही. ह्यांनी हेडनोट लिहिताना त्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग गाळला, आणि पुढे 'ठरते' असं लिहून मोकळे झाले.

"असं कसं केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"ते वाक्य मला फार आवडलं होतं," हे म्हणाले. एवढंच. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

पण गिळून गप्प बसणारी मी नव्हे. "हे कुणाला कळलंय?" मी विचारलं. म्हणे, कुणालाच नाही. पुतण्याच्या वकिलानं पुढे वाचलं नाही, न्यायाधीशांनीही नाही. "मग झाकली मूठ राहू द्या!" मी म्हटलं. "एका म्हातारीचं हगणंमुतणं काढलंय माझ्या बहिणीनं. कोर्टाला ते वाक्य कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते ठेवू दे, पण वाक्य खरं आहे की नाही?" हे म्हणाले, "वाक्य खरं आहे. 'ठरते' हे खरं नाही." आता सांगा, अशा माणसाबरोबर भांडायचं तरी कसं? उद्या वरच्या कोर्टात उघडकीला येईल, वकीलबाई अडचणीत येईल, असं काही कारण दिलं असतं तर मी ऐकूनही घेतलं असतं. ह्यांनी ते कारण पुढे केलंच नाही.

एक मात्र केलं ह्यांनी. कोर्टाला किंवा वकीलबाईला सांगायच्या आधी ताईला सांगायचं म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. चौकटीचा रंग अजून बोटाला चिकटत होता. ताईनं जावईबापूंसाठी खुर्ची पुसली, चहा टाकायला निघाली. हे म्हणाले, "ताई, आधी बसा."

ह्यांनी सगळं सांगितलं. ताईला ते कोर्टाच्या भाषेत कळेना, तेव्हा हे म्हणाले, "असं बघा, तुम्ही कुणाला बाजारात पाठवताना म्हणालात, 'दोरा घेऊन ये.' आणि तो निघताना म्हणालात, 'आज उकडतंय नाही?' यातला हुकूम कुठला? दोऱ्याचा. उकडण्याचं ते नुसतं ओघात बोललात. निवाड्यातही असंच असतं. जो वाद समोर होता त्यावरचा निर्णय आणि त्याचं कारण, हा गाभा. तो खालच्या कोर्टाला बांधतो. ओघात बोललेलं बांधत नाही. फार तर त्याचा विचार करता येतो."

ताईनं शब्द न् शब्द ऐकून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे उकडतंय हे तुम्ही हुकूम म्हणून छापलंत."

"हो."

"नाही सांगितलं तर?"

"तर बहुतेक जागा तुमच्याकडे राहील."

"आणि सांगितलं तर?"

"बहुतेक जाईल."

ताईच्या हातात कापडाचा तुकडा होता. तो तिनं मांडीवर पसरला, घडी घातली, पुन्हा पसरला. "सांगू नका हो," ती म्हणाली. "जावईबापू, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. हे मागते. सांगू नका." माझ्या बहिणीला कुणापुढे असा पदर पसरताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता हे विरघळणार. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण म्हणाले, "ताई, ते मला जमणार नाही." चहा झालाच नाही. ताईनं आमच्याकडे पाठ फिरवून मशीन सुरू केलं, आणि आम्ही निघालो.

वाटेत मी ह्यांना नाही नाही ते बोलले. दगड म्हटलं, निर्दय म्हटलं, हौसेनं हात दाखवून अवलक्षण करणारा म्हटलं. हे ऐकत चालले होते. एकदाही म्हणाले नाहीत की तू चुकतेस. तेव्हा मला त्याचाही राग आला.

वकीलबाईला हे भेटले तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले, म्हटलं, ती तरी ह्यांना चार शब्द सुनावील. ह्यांनी पहिला प्रश्न केला तो मास्तरकीचा: "पूर्ण निवाडा वाचला होतास?" ती खाली मान घालून म्हणाली, "नाही सर. हेडनोटखाली तुमची आद्याक्षरं छापलेली होती. ती बघितली आणि पुढे वाचायची गरजच वाटली नाही." हे त्या पोरीच्या चेंबरमधल्या स्टुलावर नुसते बसून राहिले. मला त्यांची इतकी दया आली, की सुनावण्याचं राहूनच गेलं.

शेवटी तीच म्हणाली, "आता कळल्यावर मला गप्प बसता येणार नाही, सर. कोर्टाची दिशाभूल होईल." आणि मग डोळे पुसून, "पण ते वाक्य तर खोटं नाही ना? मी ते अख्खं वाचून दाखवीन. बांधील नसलं तरी माना म्हणून भांडीन." भांडली हो ती. निकालाच्या तारखेला आधी उभी राहून सगळं सांगितलं, आणि मग तो परिच्छेद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवून ऐकलं. पुतण्याचा वकील तर खुर्चीतून उठलाच. तुम्ही आपण होऊन सांगितलंत याची मी नोंद घेतो, असं न्यायाधीश म्हणाले, आणि निकाल पुढे ढकलला.

निकाल विरुद्ध गेला. न्यायाधीशांनी लिहिलं, की सांभाळ करणाऱ्या भाचीबद्दल सहानुभूती वाटते, परंतु कायद्यात कुटुंब कुणाला म्हणायचं त्याची व्याख्या दिलेली आहे, त्यात कोणकोण येतं ते मोजून सांगितलं आहे, आणि त्यात भाची नाही. ती घालायची तर कायदा करणाऱ्यांनी घालावी. जागा सोडायला मुदत मात्र भरपूर दिली. निकाल वाचून झाला तरी ताई उभीच. न्यायाधीशांनी विचारलं, "काही म्हणायचंय का?"

"साहेब, मी भाची आहे, ते बरोबर," ताई म्हणाली. "पण शेवटचं वर्षभर ती मला आई म्हणत होती. तिला माणसं ओळखू येत नव्हती. मग मी तिची कोण होते, ते कुठे लिहिलंय का?"

न्यायाधीश म्हणाले, "बाई, त्याचं उत्तर माझ्याजवळच्या पुस्तकात नाही." ते बिचारे तरी काय करणार. ताईनं नमस्कार केला आणि बाहेर आली. अपिलाचं वकीलबाईनं काढलं तर म्हणाली, "पुरे झालं आता, पोरी. तू तुझं काम केलंस." ह्यांच्याशी मात्र एक अक्षर बोलली नाही. मुदत होती तेवढे दिवस बोलली नाही. हे रविवारी जायचे, दारात उभे राहायचे, सामान बांधायला मदत करू का म्हणून विचारायचे. ताई आत मशीन चालवत राहायची. खिडकीपाशी कपडे घेऊन येणाऱ्यांना ती आमच्या घराचा पत्ता सांगायला लागली, तेव्हा मला कळलं की ती आमच्याकडे यायला तयार झालीय.

ह्यांना मी तसं सांगितलं. त्या दिवसापासून हे कॉलेजातून आले की आपल्या अभ्यासाच्या खोलीत शिरायचे. त्या खोलीत मला केर काढायलाही मज्जाव असायचा. तिथली सगळी पुस्तकं ह्यांनी स्वतः उतरवली. निम्मी कॉलेजला दिली, उरलेली पलंगाखाली, माळ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे कोंबली. भिंतींना रंग दिला. मी म्हटलं, माणूस लावू, तर नको म्हणाले. खोली झाली, तसे हे मधे उभे राहून इकडेतिकडे बघत होते. मी दारातून बघितलं, आणि माझा इतक्या दिवसांचा राग कुठे गेला कुणास ठाऊक.

ताई आली ती ट्रंक, गाद्या आणि मशीन घेऊन. किल्ली पुतण्याच्या हातात तिनं स्वतः दिली होती. टेम्पोवाल्यानं मशीन खोलीच्या मधोमध ठेवलं आणि तो गेला. मी दारात, हे भिंतीशी, ताई मशीनपाशी. तिनं रिकामी कपाटं बघितली, भिंतींचा ताजा रंग बघितला, ह्यांच्या नखांत अडकलेला रंगही बघितला. मग इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा ह्यांच्याशी बोलली.

"सांगू नका म्हटलं होतं मी तुम्हाला."

"हो, ताई."

"तरी सांगितलंत."

"हो."

ताईनं पदर खोचला. "आत्या तुमच्या जागी असती ना, तर तिनंही सांगितलंच असतं. ती म्हातारी कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती. जन्मभर तिला सोसलं, आता तुम्हाला सोसायचं. दुसरं काय माझ्या नशिबात!" आणि हे नुसतेच बघत राहिले, तशी त्यांच्यावर खेकसली, "उभे काय राहिलात? धरा त्या बाजूनं. खिडकीपाशी न्यायचंय."